ग्लोबल व्हिलेजला गाईड घ्यायचा की आपलं आपणच फिरायचं?

मागच्या अंकात दुबईच्या ग्लोबल व्हिलेजचा नुसता उल्लेख केला तर प्रश्नांची रांगच लागली. साहजिक आहे म्हणा, गल्फात कुणीच नाही असं घर गोव्यात शोधावं लागेल, आणि दिवाळीनंतर कधी ना कधी तिकडून "या की एकदा" असा फोन येतोच. ज्यांनी नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: शहराच्या जरा बाहेर, शेख मोहम्मद बिन झायेद रोडला लागून एक भलंमोठं मैदान, त्यात देशोदेशींची पॅव्हेलियन, प्रत्येकाच्या दर्शनी भागाला त्या देशातल्या नावाजलेल्या इमारतींचा देखावा, आत दुकानंच दुकानं, मध्ये स्टेज, खाण्याच्या गल्ल्या, पाळणे. सुरुवात १९९० च्या दशकात खाडीकाठच्या स्टॉल्सनी झाली, शॉपिंग फेस्टिव्हलच्या जोडीने, आणि २०२४-२५ च्या सीझनला ३० पॅव्हेलियन होती. उघडतं फक्त ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत आणि तेही दुपारी ४ नंतर. म्हणून आजचं सगळं सदर त्यालाच.

फोंड्याहून एक सूनबाई: ताई, आम्ही सहाजण डिसेंबरात जातोय. सासूबाई ७१ वर्षांच्या, मुलगा ८ वर्षांचा. एजंट म्हणतो ईव्हनिंग गाईडेड टूर घ्या, पण त्याचा रेट एंट्री तिकिटाच्या चार-पाच पट आहे. दीर म्हणतात गाईड कशाला, गुगल आहे की. कुणाचं ऐकू?

दोघांचंही लगेच ऐकू नका, आधी एजंटला विचारा की गाईड गेटच्या आत येणार का. खरंच सांगते, हा एकच प्रश्न विचारला की निम्मं चित्र साफ होतं. "गाईडेड टूर" या नावाखाली दोन एकदम वेगळ्या गोष्टी विकतात. पहिली म्हणजे व्हॅन, हॉटेलवरून घेणार, तिकिटं हातात देणार, गेटवर सोडणार, आणि "रात्री अमुक वाजता याच खांबाजवळ या" असं सांगून ड्रायव्हर गायब. त्याला मी ट्रान्सफर म्हणते, गाईड नाही, आणि त्याचे पैसे ट्रान्सफरइतकेच असावेत. दुसरी म्हणजे खरोखर बरोबर चालणारा माणूस. तो असेल तर किती तास आणि किती जणांमागे एक हे विचारा, चाळीस जणांच्या घोळक्यात झेंड्यामागे पळण्यात काही राम नाही.

आता खर्च बघा. २०२४-२५ ला आडवारचं तिकीट २५ दिरहम होतं आणि कुठल्याही दिवशी चालणारं ३०, एक दिरहम साधारण २४ रुपये धरा. ६५ वर्षांवरच्यांना आणि ३ वर्षांखालच्या मुलांना एंट्री फुकट, म्हणजे सासूबाईंचं तिकीटच नाही, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट तेवढा जवळ ठेवा. एजंटच्या बिलात त्यांचं तिकीट लावलंय का ते जरूर बघा, मी उगाच सांगत नाही! सीझनमध्ये सरकारी बस सुटतात, देरात राहत असाल तर युनियन मेट्रोपाशी १०३ नंबरची, बर दुबईकडे असाल तर अल घुबैबाहून १०४, मॉल ऑफ एमिरेट्सहून १०६, एका बाजूचे माणशी १० दिरहम. मेट्रो मात्र तिथवर जात नाही.

मग चांगला गाईड पैसे कशाचे घेतो? माझ्या मते माहितीचे नाहीच. तुर्कस्तानची राजधानी कुठली ते दिरांचा गुगल सांगेल. गाईड लागतो तो संध्याकाळ लावून द्यायला, कारण हातात असतात जेमतेम चार-पाच तास आणि जागा एवढी अफाट की चुकीच्या टोकाला सुरुवात केली तर अर्धा वेळ उलटसुलट चालण्यातच जातो. शो कुठल्या स्टेजवर किती वाजता, टॉयलेट जवळ कुठे, आजीला टेकायला सावलीचं बाकडं कुठे, मुलगा रडायच्या आधी त्याला पाळण्यांकडे कधी न्यायचं, हे ज्याला पाठ आहे तो गाईड. त्यात एक गोष्ट कुठलाच एजंट सांगत नाही, दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. शुक्रवार-शनिवारी रात्री ९ ला फटाक्यांची आतषबाजी असते ना, तेव्हा सासूबाईंच्या अंगाच्या घड्याळात साडेदहा झालेले असतात, आणि तुम्ही ११ ला निघालात तर त्यांचे साडेबारा! म्हणून पोचल्या पोचल्या पहिल्याच रात्री जाऊच नका.

जाल तेव्हा ४ ते साडेचारला आत शिरा, डिसेंबरात साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो म्हणजे तासभर उजेड मिळतो, त्या वेळात गेटपासून लांबची पॅव्हेलियन उरकायची, दिवे लागले की मधल्या भागात यायचं, साडेसातच्या आत जेवून घ्यायचं कारण आठनंतर बसायला खुर्ची मिळणं मुश्कील. गेटवर व्हीलचेअर मिळते, "मी धडधाकट आहे" असं सासूबाई म्हणाल्या तरी घ्या, निदान पिशव्या ठेवायला तरी होते. आणि शक्य असेल तर शुक्रवार-शनिवार टाळा, फटाके राहिले तर राहिले.

तर माझं मत: तुमच्यासाठी परतीची गाडी ठरवलेली हवीच, रात्री बसच्या रांगेत आजी आणि नातू दोघांचे हाल होतील. आत येणारा गाईड परवडला तर उत्तम, नाही परवडला तर वरचं सगळं दिरांना वाचायला द्या आणि गाईड त्यांनाच करा.

म्हापशाहून एक निवृत्त शिक्षक: प्लास्टरचा पॅरिस आणि पुठ्ठ्याचा ताजमहाल बघायला माणसं विमानाने जातात याचं मला नवल वाटतं. आपलं पणजीतलं फोंतेन्हस संध्याकाळी चालून बघा म्हणावं, ते तरी खरं आहे.

सर, फोंतेन्हसबद्दल तुमच्याशी भांडणार नाही, तिथे मी स्वतः लोकांना घेऊन फिरते. पण खरं आहे म्हणूनच तिथे माझा आवाज खाली असतो, खिडकीच्या आत कुणाचं तरी जेवण चाललेलं असतं, आणि फोटोवाल्यांनी रहिवाशांना किती पिडलंय ते तुम्हाला माहीतच आहे, घरांच्या दारांवर पाट्या लागल्या. ग्लोबल व्हिलेजात रात्री शटर पडलं की कुणीच राहत नाही, तिथे मनसोक्त हसा, आरडाओरडा करा, कुणाची झोप मोडत नाही.

शिवाय भिंती खोट्या आहेत हे कबूल, माणसं खोटी नाहीत. येमेनच्या पॅव्हेलियनात मधाचे डबे मांडून बसलेला बाप्या खरोखरचा मधवाला असतो, बोराच्या जातीच्या झाडाचा मध महाग का ते तो चमचा चाटवून सांगतो. अफगाणिस्तानात जर्दाळू-बदामाचे ढीग, आफ्रिकेच्या पॅव्हेलियनात शिया बटर आणि ढोलकी, पॅलेस्टाईनमध्ये ऑलिव्हचं तेल आणि भरतकाम. आपण ज्या देशांत बहुधा कधीच जाणार नाही तिथला माणूस समोर स्टुलावर बसलाय आणि गिऱ्हाईक नसलं की गप्पा मारायला तयार आहे, हे मला त्या आयफेल टॉवरच्या देखाव्यापेक्षा फार मोठं वाटतं. फातर्प्याच्या जत्रेत आपण देऊळ बघतो, पण खाज्याच्या दुकानाशी जास्त वेळ उभे राहतो की नाही? तसंच. तुम्ही जा, दर्शनी भागाकडे पाठ करा आणि दुकानदारांशी बोला. हिंदी बऱ्याच जणांना येते, अफगाण आणि पाकिस्तानी दुकानदारांना तर नक्कीच. भारताचं पॅव्हेलियन भलतंच मोठं आहे, शाली, कपडे, चपला, गर्दी तर विचारू नका, पण तुम्हाला तिथे काय नवीन दिसणार, ते शेवटी ठेवा.

वास्कोहून चार मित्र: आमची कंपनीची सुट्टी सोमवार-मंगळवार. मंगळवारी संध्याकाळी चौघं गेलो तर चालेल ना?

नाही चालणार. मंगळवार फॅमिली, जोडपी आणि बायकांसाठी राखीव असतो, सार्वजनिक सुट्टी असली तर तेवढी सूट. सोमवारी जा. आणि पुढचा प्रश्न तुम्ही लिहिला नाही तरी मला कळला, तिथे दारू मिळत नाही, फॅमिलीची जागा आहे.

साखळीहून एक वाचक: मागच्या वर्षी आमच्या गाईडने आम्हाला एकाच गालिच्याच्या दुकानात पाऊण तास बसवलं, चहा पाजला आणि शेवटी भिडेखातर आम्ही छोटा गालिचा घेतला. असं टाळायचं कसं?

चहा प्यायचा आणि उठायचं! भीड ठेवायची गरजच नाही, तो चहा तुम्ही न घेतलेल्या गालिच्यांच्या किमतीत आधीच धरलेला असतो. कमिशन हा प्रकार दुबईचाच आहे असं नाही, आपल्याकडे काजूच्या दुकानांसमोर टुरिस्ट बस का थांबतात ते काय वेगळं आहे. टूर ठरवतानाच लिहून घ्या की दुकानात थांबायचं की नाही ते आम्ही ठरवू, वॉट्सॲपवर लिहिलेलं असलं तरी पुरतं.

घासाघीस मात्र जरूर करा, पॅव्हेलियनच्या आतल्या दुकानांत ती चालते, खाण्याच्या स्टॉलवर नाही. पहिल्या दुकानात घ्यायचं नाही, एकच वस्तू त्याच पॅव्हेलियनात दहा ठिकाणी असते, दोन-तीन ठिकाणी भाव विचारला की आपोआप अंदाज येतो. केशर घ्यायचं असेल तर इराण किंवा अफगाणिस्तानच्या पॅव्हेलियनात, थोडंसंच, समोर वजन करून. तुर्की काचेचे दिवे सुंदर दिसतात खरे पण बॅगेत फुटतात, हातात धरून आणायची तयारी असेल तरच. सोनं तिथे घेऊ नका, ते देराच्या सोनेबाजारात, आणि दागिन्यांवरची कस्टमची सवलत वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांना असते, आठवड्याच्या टुरिस्टला नाही, हे वहिनींना आधीच सांगून ठेवा म्हणजे दाबोळी विमानतळावर वाद नको.

पाळण्यांचे पैसे एंट्रीत धरलेले नसतात, त्याचं वेगळं रिचार्जचं कार्ड असतं. मुलांच्या हातात ते कार्ड देऊ नका एवढंच सांगते, पुढचं तुम्हाला कळतंच.

काणकोणहून एक आई: आता आमच्या पोरांना सुट्टी मे महिन्यातच. तेव्हा गेलं तर बघायला मिळेल का?

काठावरचं आहे. सीझन ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतो आणि मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात संपतो, २०२५ ला ११ मेला संपणार होता तो १८ पर्यंत वाढवला, पण दर वर्षी वाढवतीलच असं धरून विमानाची तिकिटं काढू नका, आधी तारीख जाहीर झालीय का बघा. आणि मेमध्ये संध्याकाळीही घामाच्या धारा, आपल्याला सवय आहे म्हणाल तर तिथला वारासुद्धा गरम. रमजान आला तर वेळा पुढे सरकतात, उशिरा उघडतं आणि मध्यरात्रीनंतरही चालू असतं, २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल, चंद्र दिसण्यावर एखादा दिवस इकडेतिकडे.

बंद झालेलं असलं तर पोरांना घेऊन खाडीवर जा. अब्रा नावाच्या लाकडी होड्या एका दिरहममध्ये पलीकडे नेतात, एका काठाला मसाल्याचा आणि सोन्याचा बाजार, दुसऱ्या काठाला जुनं अल फहिदी, तिथली घरं बघा, छपरावर उंच चौकोनी मनोरे असतात, वरून जाणारा वारा धरून खाली खोलीत सोडायचे, एसी नव्हता तेव्हाची सोय. संध्याकाळी इथे गाईड घेतला तर पैसे वसूल होतात, कारण गल्ल्या अरुंद आणि सांगण्यासारखं खूप. देखाव्यापेक्षा हे बरं असं म्हापशाचे सर म्हणतील, पण पोरं म्हणतील पाळणे कुठे आहेत!

पेडण्याहून एक मावशी: मुलगी-जावई तिकडेच आहेत. दिवाळीच्या नेवऱ्या (करंज्या) आणि अनारसे नेईन म्हणते, संध्याकाळी तिथे बाकड्यावर बसून सगळ्यांनी खाऊ. आणि मी शाकाहारी आहे, खायला मिळेल ना?

मावशी, खसखस! यूएईमध्ये खसखशीला बंदी आहे, अंमली पदार्थात धरतात, आणि अनारश्यावर खसखस, नेवरीच्या सारणात खसखस. "घरचं आहे हो" म्हणून एअरपोर्टवर कुणी ऐकणार नाही. तीळ लावून करा, सारणात नुसतं खोबरं-वेलची घाला, शेजारणीने दिलेला डबा असेल तर तिला विचारल्याशिवाय बॅगेत टाकू नका. तीच गोष्ट गोळ्यांची, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉलसारखी दुखण्याची गोळी चालू असेल तर आधी तिकडची ऑनलाईन परवानगी काढावी लागते, डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवा, जावयांना सांगा ते बघतील.

खायला भरपूर आहे. फलाफल म्हणजे काबुली चण्याचे वडे, निर्धास्त खा, कुनाफा गोड आहे आणि त्यात चीज असतं, लुकैमात हे आपल्या गुलगुल्यांच्या जवळचे, वरून खजुराचा पाक. भारतीय चाटचे स्टॉलही आहेत. भाजी-भाकरी मात्र मुलीच्याच घरी. आणि हो, नातवंडांचे फोटो हवे तेवढे काढा पण मागच्या बाकावरच्या बायकांचे नको, तिथे परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढणं गुन्हा ठरू शकतं.