वेग जुळत नसेल तर भावंडांनी परदेशात सायकलवर जावं का?

तुम्ही विचारलंय की मोठा भाऊ तुमच्यापेक्षा बराच दमाचा आहे, दोघांना परदेशात दोन-तीन आठवडे सायकलवर जायचंय, तर प्रवास आणि नातं दोन्ही शाबूत राहील का.

आमचं राहिलं, पण मधला दीड दिवस काही खरं नव्हतं. मी ताई, तो सहा वर्षांनी धाकटा आणि सायकलवर माझ्या दीडपट जोराचा. व्हिएतनाममध्ये हनोई ते होई आन गेलो. मीटरवर 880 किलोमीटर, 17 दिवस.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवलीत तर फुकटची मदत मिळते. हिवाळ्यापासून मार्चपर्यंत ईशान्येचा मोसमी वारा असतो, तो बहुधा पाठीशी येतो. मध्य भागात मुसळधार पाऊस साधारण सप्टेंबर ते डिसेंबर. जानेवारी-फेब्रुवारीत तेत, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, येतं आणि बरीच दुकानं-खानावळी बंद असतात. आम्ही तेत उरकल्यावर निघालो. सुरुवातीला भुरभुर पावसात कपडे वाळले नाहीत, बाकी त्रास नाही. राष्ट्रीय मार्ग 1 वर ट्रकच ट्रक. आतून जाणारा हो चि मिन्ह मार्ग मोकळा आहे, पण चढउताराचा.

आता भांडणाचं. फोंग न्हाजवळ या मार्गाला दोन शाखा फुटतात. पूर्वेची वस्तीतून जाते, पश्चिमेची डोंगर-जंगलातून खे सान्हकडे, आणि तिच्यावर लांबच लांब पट्ट्यात ना दुकान ना फोनला रेंज. आम्हाला पूर्वेच्या शाखेने जायचं होतं. भाऊ नेहमीसारखा पुढे, आणि पश्चिमेला वळला. सिमकार्ड दोघांत एकच, माझ्याकडे. पैसे आणि पासपोर्टही माझ्याकडे, कारण ‘तू हरवशील’ असं मीच घरून निघताना म्हटलं होतं. अडीच तास मी फाट्यावर बसून होते. तो अकरा किलोमीटर चढून परत आला आणि म्हणाला, ‘ताई, तू एवढी हळू का चालवतेस?’ मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी बेन हाय नदीवरचा हिएन लुओंग पूल लागला तेव्हाही अबोला होता. 1954 च्या जिनिव्हा करारानंतर उत्तर आणि दक्षिण व्हिएतनाममधली सीमा याच नदीवर होती. जुना पूल आजही अर्धा निळा, अर्धा पिवळा रंगवलेला आहे. मी निळ्या अर्ध्यात थांबून पाणी पीत होते, तो पिवळ्या अर्ध्यात. त्यालाच आधी हसू फुटलं.

तिथे कठड्याला सायकली टेकवून जे ठरलं ते तुम्ही विमानाची तिकिटं काढण्याआधी ठरवा. कुठलाही फाटा आला की पुढचा थांबणार, रस्ता कितीही उघड वाटला तरी. सिमकार्ड दोन, आणि पैसे-कागद ज्याचे त्याच्याकडे. जड सामान जोरवाल्याच्या सायकलवर: हत्यारं, पंप, कुलूप, माझे अर्धे कपडे. याने वेगातलं अंतर खरंच घटतं आणि कुणी कुणावर उपकार केल्यासारखं होत नाही. एरवी हळू चालवणारा पुढे, वारा तोंडावर आला तर तो मागे. आणि मी ‘पाणी प्यायलास का’ हे दिवसातून एकदाच विचारायचं. (हे कलम त्याचं. मी दोनदा विचारायचे.)

रस्त्यात लोक आम्हाला नवरा-बायको समजायचे. त्या भाषेत मी-तूच्या जागी बहुतेक वेळा नात्याचेच शब्द येतात: ‘ची’ म्हणजे ताई, ‘एम’ म्हणजे धाकटं भावंड. मी स्वतःकडे बोट दाखवून ‘ची’, त्याच्याकडे दाखवून ‘एम’ म्हटलं की ‘न्हा ङी’ची, म्हणजे रस्त्याकडेच्या साध्या लॉजची, मालकीण हसून दोन खाटांची खोली काढून द्यायची. परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते, त्यामुळे पासपोर्ट मागतात. सकाळी निघताना तो आठवणीने परत घ्या. पंक्चरवाले वाटेत बरेच भेटतात, पण बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हची ट्यूब खेड्यात मिळेल या भरवशावर राहू नका.

ह्युए सोडल्यावर लांग कोपासून हाय वान घाट सुरू होतो. माथा 496 मीटरवर. 2005 मध्ये सव्वासहा किलोमीटरचा बोगदा झाल्यापासून बहुतेक वाहतूक खालून जाते. बोगद्यात सायकल चालवायला बंदी आहे, त्यामुळे घाट जवळजवळ आपलाच. नावाचा अर्थ समुद्र आणि ढग. आम्हाला ढगच दिसले. माथ्यावर 1826 मध्ये न्गुयेन राजवटीने बांधलेलं दार आहे, शेजारी फ्रेंच आणि अमेरिकन काळातले काँक्रीटचे बंकर. चढताना तो माझ्यामागे होता, न बोलता, आणि ते त्याला किती जड गेलं असेल ते मला कळत होतं. म्हणून माथ्यावर म्हटलं, उतार तुझा, जा.

दा नांगच्या बाजूला घाटरस्ता बोगद्याच्या रस्त्याला मिळतो. तिथे फाटा आहे, म्हणजे नियमाप्रमाणे थांबणं आलं. मी ब्रेक दाबत दाबत पोहोचले तेव्हा तो टपरीवर दोन बर्फाळ कॉफ्या मागवून बसला होता. माझ्यातला बर्फ केव्हाच वितळला होता.