घंटा, ट्रंक आणि घरची आठवण : निवासी शाळेबद्दल वाचकांचे प्रश्न

निवासी शाळांचे प्रवेश आटोपले की या सदराकडे पत्रांचा ओघ सुरू होतो. यंदा आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. शाळेची वर्षं वसतिगृहात काढलेल्या आणि आता अशाच शाळांमध्ये वॉर्डन, परिचारिका किंवा शिक्षक म्हणून काम करणाऱ्या मंडळींनी मिळून ही उत्तरं लिहिली आहेत.

मुलगा अकरा वर्षांचा आहे. शाळेत सोडून दोन आठवडे झाले. रोज संध्याकाळी फोनवर रडतो, ‘मला घेऊन जा’ म्हणतो. परत आणू का? – एक आई

आधी तो केव्हा रडतो ते बघा. घरच्या आठवणीला वेळापत्रक असतं. वर्गात, मैदानावर, जेवणाच्या रांगेत ती सहसा गाठत नाही. खेळ संपल्यापासून जेवणाच्या घंटेपर्यंतचा रिकामा वेळ, दिवे मालवल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं आणि रविवारची दुपार, या तिच्या हक्काच्या वेळा. तुमचा फोन नेमका त्यातल्याच एका वेळी जातो. दिवसातला सगळ्यात वाईट अर्धा तास तेवढा तुमच्या कानावर पडतो आणि सगळा दिवस तसाच गेला असेल असं तुम्ही धरून चालता.

तेव्हा वॉर्डनशी बोलून फोनची वेळ बदलून घ्या. नाश्त्यानंतर किंवा खेळाला जाण्याआधी, आठवड्यातून दोन ठरलेल्या वारी, दहा-दहा मिनिटं. रोजचा फोन बंद झाला म्हणून मन मारू नका. मधल्या दिवसांत पत्र पाठवा. कागदावरचं पत्र उशीखाली ठेवता येतं आणि हवं तेव्हा पुन्हा वाचता येतं. पत्रात घरच्या साध्या बातम्या असाव्यात. ‘तुझ्याशिवाय घर खायला उठतं’ हे वाक्य मात्र टाळा. आईला सांभाळण्याची जबाबदारी त्यानं पोराच्या डोक्यावर येते. फोनवर ‘करमतं का रे?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी ‘शेजारच्या कॉटवर कोण आहे? आज कोणाच्या संघात होतास?’ असं विचारा. दोन आठवड्यांनंतरही शेजाऱ्याचं नाव येत नसेल, तर ते रडण्यापेक्षा जास्त काळजीचं आहे. तसं वॉर्डनला सांगा आणि एखाद्या खेळात किंवा कामाच्या जोडीत त्याला कोणाबरोबर तरी बसवायला सांगा.

आणखी एक. ‘महिनाभर बघ, नाही आवडलं तर घेऊन जाईन’ असं बोलला असाल, तर ते मागे घ्यावं लागेल. थर्बर आणि वॉल्टन यांनी २००७ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक अहवालात पालकांना नेमकं हेच टाळायला सांगितलं आहे. असा करार झाला की मूल रुळायची खटपट सोडतं आणि दिवस मोजत बसतं. शिवाय या पोराचं इथे काही जमणार नाही असं आईबापांनाच वाटतंय, हेही त्याला कळून चुकतं. महिना संपल्यावर तुम्ही नेलं नाहीत तर शब्द मोडला म्हणून राग, तो वेगळाच. करारापेक्षा तारीख द्या. पुढची भेट कधी ते त्याच्या कॅलेंडरवर लिहू द्या, आणि ती भेट काही झालं तरी चुकवू नका.

ज्यांचं मूल अजून जायचं आहे त्यांनी याच अहवालातला दुसरा सल्ला लक्षात ठेवावा. आधी दोन-तीन रात्री नातेवाइकांकडे, रोजच्या फोनशिवाय राहण्याचा सराव करून घ्यावा.

परत आणायचं केव्हा? जेवण तुटलं, वजन उतरलं, झोप उडाली, वर्गातही लक्ष नाही, आणि हे महिना उलटूनही वाढतच चाललं आहे, तर हट्ट सोडा आणि डॉक्टरांना दाखवा. रडण्याला वेळेऐवजी जागा असेल किंवा माणूस असेल, तर ती घरची आठवण नव्हे. ठरावीक न्हाणीघर टाळणं, वस्तू सारख्या हरवणं, कारण न सांगता पैसे मागणं, एका नावावर गप्प होणं, यातलं काही दिसलं तर खालचा दादागिरीचा प्रश्न वाचा.

ट्रंकेत काय काय द्यावं? शाळेची यादी आहे, पण आकडे दिलेले नाहीत. – एक वडील

आकडे कपडे धुण्याच्या फेरीवरून काढा. धोबी आठवड्यातून एकदा कपडे नेत असेल आणि तीन दिवसांनी परत आणत असेल, तर अंगातले कपडे किमान दहा दिवस पुरले पाहिजेत. वर पावसाळ्यासाठी दोन जास्त. म्हणजे आतल्या कपड्यांचे बारा नग आणि मोजे आठ जोड्या. मोजे एकाच रंगाचे घ्या, एक हरवला तरी जोडी जमते. टॉवेल दोन, आणि तेही पातळ. जाडजूड टॉवेल दुकानात छान दिसतो, पण वसतिगृहाच्या दोरीवर दिवसभरात वाळत नाही. ओलाच वापरला जातो आणि मग मांडीत नायटा उठतो.

नाव घालण्यात सगळ्यांचा हात आखडतो, आणि निम्मे कपडे तिथेच जातात. मार्करनं लिहिलेलं नाव काही धुण्यांत फिकं होतं. गडद दोऱ्यानं हजेरी क्रमांक टाका. नावापेक्षा आकडा शिवायला सोपा आणि धोब्याला वाचायला सोपा. शर्टाला कॉलरच्या आत, पँटीला कमरपट्टीच्या आत, मोज्याला वरच्या काठावर, चादरीला कोपऱ्यात. सगळ्यांची जागा एकच ठेवा, म्हणजे ढिगातून आपला कपडा उचकटायला वेळ लागत नाही.

कुलपं दोन, एक ट्रंकेला आणि एक कपाटाला. किल्ल्या तीन असतील तर एक मुलाच्या गळ्यात किंवा कमरेला, एक नाव घातलेल्या पाकिटात वॉर्डनकडे, एक घरी. आकड्यांचं कुलूप लहान मुलाला देऊ नका, आठवड्याभरात सगळ्या खोलीला आकडा पाठ होतो. न्हाणीघरासाठी रबरी चपला, दोरी, डझनभर चिमटे, नेलकटर, सुईदोरा, चारपाच बटणं. बटण लावायला, चादर ताणून घालायला आणि स्वतःचे मोजे धुवायला घरीच शिकवून पाठवा.

औषधं ट्रंकेत अजिबात नको. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ती परिचारिकेकडे जमा करा आणि मात्रा, वेळ, कशाची ॲलर्जी आहे हे एका कागदावर लिहून द्या. दम्याचा पंप तेवढा अपवाद. तो मुलाच्या हाताशीच राहील, अशी परवानगी पहिल्या दिवशी लेखी घ्या. महागडं घड्याळ घरी राहू दे. खाऊचा मोठा डबाही नको, त्याला मुंग्या लागतात आणि त्याच्यापायी भांडणं होतात.

मुलीला रात्री अंगभर खाज येते. मलम लावलं की थांबते, सुट्टी संपवून गेली की पुन्हा सुरू. खोलीतल्या आणखी तिघींना तेच आहे. – एक पालक

खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, कमरेच्या घडीत पुरळ आहे आणि खोलीत अनेकींना आहे, म्हणजे बहुतेक खरूज. डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. अस्वच्छतेशी तिचा संबंध लावून मुलींना लाजवू नका; ती त्वचेला त्वचा लागून पसरते, आणि एका कॉटवर दाटीनं बसणं वसतिगृहात रोजचंच.

ती परत येते याची कारणं ठरलेली आहेत. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, म्हणजे जिला अजून काहीच होत नाही तीही ती पसरवत असते. तिघींना औषध आणि चौथी तशीच, असं झालं की फेरी चालू राहते. म्हणून खोलीतल्या सगळ्यांवर एकाच रात्री उपचार व्हायला हवेत, खाज असो वा नसो. सुट्टीत घरी लागण झाली असेल तर घरच्यांवरही त्याच वेळी.

नेहमीचं औषध म्हणजे ५ टक्के परमेथ्रिन क्रीम. रात्री आंघोळ करून, अंग कोरडं करून मानेखालून पायाच्या तळव्यापर्यंत सगळीकडे लावायचं. फक्त खाजतं तिथे लावणं ही सर्रास होणारी चूक. बोटांच्या बेचक्या, नखांच्या खाली, बेंबी, जांघा, तळपाय काही सुटता कामा नये. पाठीला मैत्रिणीनं किंवा मॅट्रनबाईंनी लावावं. ८ ते १४ तासांनी धुवायचं. मधे हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. हे कोणी सांगत नाही आणि किडा नेमका बोटांतच शिल्लक राहतो. आठ दिवसांनी साधारण हेच सगळं पुन्हा एकदा.

त्याच सकाळी मागच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाच्या अंगावेगळा हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही.

यानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. ती मेलेल्या किड्यांवरची प्रतिक्रिया असते, म्हणून घाबरून रोज औषध चोपडू नका. नवीन पुरळ येत असेल तरच पुन्हा डॉक्टरांकडे जा. तुमच्या पत्रातलं ‘लावलं की थांबतं’ ते मलम स्टेरॉइडचं मिश्रण असण्याची शक्यता आहे. त्यानं खाज दबते, किडा मजेत राहतो. ती ट्यूब डॉक्टरांना दाखवा.

रोज तीन तास सक्तीची अभ्यासिका आहे, तरी काही होत नाही. मग दहानंतर पांघरुणात टॉर्च लावून वाचतो. – नववीतला विद्यार्थी

टॉर्च आधी बंद कर. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते, असं अमेरिकेतल्या झोपेच्या तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली सांगितलं आहे. सकाळी साडेपाचला घंटा असेल तर दहाला झोपलास तरी साडेसातच होतात. त्यातून चोरलेला तास दुसऱ्या दिवशी वर्गात व्याजासकट फिटतो.

आता तीन तास. त्यात तू बहुधा धडा वाचतोस, खुणा करतोस, पुन्हा वाचतोस. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून मिटला आणि आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं मात्र चित्र उलटलं: लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. पुन्हा वाचल्यावर ‘येतंय’ असं वाटतं ते त्या पाच मिनिटांचं वाटणं.

तेव्हा पहिला तास गणितासारख्या लिहायच्या विषयाला दे, कारण तेव्हा डोकं ताजं असतं. दुसऱ्या तासात पंचवीस मिनिटं एक धडा वाच, पुस्तक मिट, दहा मिनिटं कोऱ्या कागदावर लिही, मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनानं घाल. तिसऱ्या तासाला आधीच्या दिवशीचा आणि मागच्या आठवड्यातला लाल पेनाचा मजकूर तेवढा बघ. जागा दारापासून लांब आणि जिवलग मित्रापासून दोन बाकं दूर घे. शंका वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव, लगेच उठून विचारायला जाऊ नकोस. अभ्यासिकेतला अर्धा वेळ उठण्याबसण्यात जातो.

एकत्र राहायचं म्हणजे सगळं वाटून वापरायचं का? – सातवीतली विद्यार्थिनी

नाही. टॉवेल, कंगवा, साबणाची वडी, मोजे, आतले कपडे, दात घासायचा ब्रश हे कोणालाच नाही, जिवाभावाच्या मैत्रिणीलाही नाही. वही द्यायची तर पहिल्या पानावर तारीख आणि घेणारीचं नाव लिहून. पैसे उसने मागितले तर ‘माझे मॅट्रनबाईंकडे ठेवलेत’ असं सांग, आणि खरंच तिथेच ठेव.

मोठी मुलं धाकट्यांकडून कपडे धुवून घेतात, नाही म्हटलं तर मारतात. मुलगा म्हणतो, ‘सांगू नका, आणखी त्रास होईल.’ – एक वडील

त्याची भीती खरी आहे, पण गप्प राहणं हा तिच्यावरचा उपाय नव्हे. खोली झाडणं, पाणी भरणं अशी पाळीची कामं वेगळी. ती भिंतीवरच्या तक्त्यात असतात आणि मोठ्यांनाही असतात. एका मुलाचं खासगी काम दुसऱ्यानं धाकानं करणं ही दादागिरी.

तोंडी तक्रार हवेत जाते. एका पानावर लिहा: तारीख, वेळ, जागा, काय झालं, कोण हजर होतं. विशेषणं नकोत. मार लागला असेल तर त्याच दिवशी परिचारिकेच्या नोंदवहीत नोंद करून घ्या आणि फोटो काढा. प्रत मुख्याध्यापकांना आणि वॉर्डनला, दोघांनाही द्या आणि पोच घ्या. तीन गोष्टी स्पष्ट मागा: मुलाचं नाव प्रार्थनेच्या वेळी किंवा सर्वांसमोर निघू नये, खोली बदलायची तर त्रास देणाऱ्याची बदलावी, रात्रीच्या फेरीची वेळ रोज वेगळी असावी. फेरी साडेदहाला ठरलेली असेल तर पावणेअकरा कोणाचे, हे साऱ्या वसतिगृहाला ठाऊक असतं. आठवड्यानं काय केलं ते लेखी विचारा.

प्रकार लैंगिक असेल तर यातलं काहीच करत बसू नका. मुलाला खोदून खोदून विचारू नका, त्याला आंघोळ घालू नका, कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा आणि त्याच दिवशी पोलीस आणि डॉक्टर गाठा. शाळेची चौकशी आधी होऊ द्या, असं कोणी म्हटलं तरी थांबू नका.

सहा वर्षं निवासी शाळेत काढून बारावी झालो. आता कॉलेजात एकटा राहतो. जेवायची शुद्ध राहत नाही, रात्री तीनला झोपतो. शाळेत तर मी शिस्तीचा होतो! – एक माजी विद्यार्थी

शिस्त घंटेची होती. तू ती चांगली पाळायचास, इतकंच. उठवणं, जेवण, धुणं, औषध, झोप ही पाचही कामं दुसरं कोणीतरी ठरवत होतं. अख्खं वेळापत्रक पुन्हा लावायला जाशील तर चार दिवसांत मोडेल. उठायची वेळ आणि रात्रीच्या जेवणाची वेळ, एवढ्या दोनच सुट्टीच्या दिवशीही सांभाळ. झोप त्यांच्यामागून सरकत येते, तिला आठवडा-दोन आठवडे दे. धुण्याचा वार शाळेत होता तोच ठेव.

एकटं बसवत नाही असंही तू लिहिलं आहेस. चाळीस कॉटांच्या खोलीत वाढलेल्याला बंद खोलीतली शांतता अंगावर येणारच. अभ्यास खोलीत करू नकोस, ग्रंथालयात रोज एकाच टेबलावर बस. जुन्या मित्रांशी रात्रभर गप्पा चालत असतील तर त्या रविवारवर ने. नवी ओळख व्हायची वेळ तीच संध्याकाळची असते. आणि शाळेच्या परिचारिकेकडे तुझी सहा वर्षांची आरोग्यपत्रिका असेल, लसींच्या तारखांसकट. तिची प्रत आताच मागवून घे.