मॉड्यूलची प्रतवारी की वर्गवारी?

जळगावच्या एका महाविद्यालयातली मुलं पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मुक्तस्रोत मॉड्यूलांची, म्हणजे इतरांना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या तुकड्यांची, मराठी यादी करताहेत. पायपीआयवरच्या (पायथनच्या मॉड्यूलांच्या ऑनलाइन भांडारावरच्या) 'क्लासिफायर'ना, म्हणजे मॉड्यूलची माहिती सांगणाऱ्या ठरावीक नोंदींना, 'प्रतवारी' म्हटलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

माझ्या मते नाही. शब्द आपल्या भागात रुळलेला आहे हे खरं. जिनिंगवर कापूस आला की धाग्याची लांबी, ओलावा, काडीकचरा बघतात, प्रत ठरते, आणि प्रतीवर भाव. म्हणजे प्रतवारीत डावं-उजवं आलंच, आणि माल पारखणारा दुसरा कुणीतरी आला. क्लासिफायरमध्ये दोन्ही नाही. मॉड्यूल लिहिणारा स्वतःच सांगतो : परवाना अमुक, विषय तमुक, पायथनच्या या आवृत्तीवर चालतं. एमआयटी परवाना काही जीपीएल या दुसऱ्या परवान्यापेक्षा वरच्या प्रतीचा नसतो.

फसगत होते ती 'डेव्हलपमेंट स्टेटस'पाशी, म्हणजे मॉड्यूलचं काम कुठवर आलंय हे सांगणाऱ्या क्लासिफायरपाशी. तिथे 1 ते 7 आकडे आहेत, म्हणून ती प्रतवारी वाटते. पण 1 म्हणजे नुसता बेत, 5 म्हणजे वापरायला पक्कं, आणि 7 म्हणजे काम बंद पडलेलं! याला 'अवस्था' म्हणा.

तेव्हा सगळ्या मांडणीला 'वर्गवारी' हाच शब्द बरा. मात्र एकेका नोंदीला 'वर्ग' म्हणू नका. एक तर प्रोग्रॅमिंगमधल्या 'क्लास' या संकल्पनेसाठी तो पाठ्यपुस्तकांत आधीच अडकलाय. दुसरं, शाळेतलं पोर एकाच वर्गात बसतं. इथे एकच मॉड्यूल परवाना, विषय, आवृत्ती अशा कितीतरी नोंदी अंगावर घेऊन फिरतं. 'वर्गीकारक' व्याकरणाला धरून आहे, पण तो कुणाच्या तोंडी बसेल असं वाटत नाही. सरळ 'लेबल' लिहा, आणि याद्यांना 'विषयवार', 'परवान्यानुसार' अशी नावं द्या.

'कीवर्ड' आणि लेबल यांची सरमिसळही टाळा. कीवर्ड आपल्या मनाचे. लेबलं ठरलेल्या यादीतलीच. बाहेरचं लिहिलं तर पायपीआय मॉड्यूल घेतच नाही. रस्ट या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या क्रेट्सचंही (तिथली मॉड्यूलंच म्हणा) तसंच : कीवर्ड पाचपर्यंत, हवे ते, कॅटेगरीही पाचपर्यंत, पण ठरलेल्या यादीतल्याच. हे दोन मराठी याद्यांत एकाच रकान्यात पडलेले मी पाहिलेत, आणि मग शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही.

आणि हो, पायपीआयच्या त्या यादीत 'नॅचरल लँग्वेज :: मराठी' हे लेबल आहे. तुमचं मॉड्यूल मराठीत मजकूर दाखवत असेल तर तेवढं लावा.