नव्या तलाठ्याला पत्र : प्रशिक्षणाला रिकाम्या हाताने जाऊ नकोस

नाशिक

चि. …
अनेक आशीर्वाद.

निफाड तालुक्यातला साझा (तलाठ्याकडे सोपवलेली गावं) मिळाला आणि पाठोपाठ प्रशिक्षणाचा आदेशही निघाला, हे वाचून आनंद झाला. वर्गात जाताना काय वाचून जाऊ, असं तू विचारलंस. पुस्तकं तिथे मिळतील. तू तुझ्या साझ्यातले कागद घेऊन जा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, गाव नमुने १ ते २१, ई-फेरफार (जमिनीच्या हक्कातले बदल नोंदवायची ऑनलाइन पद्धत), १९७९चे वर्तणूक नियम, हे सगळं वर्गात भराभर पुढे सरकतं आणि ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. अडतं ते गावात पहिला फेरफार धरताना. ती अडचण वर्गात बसण्याआधी आली, तर तिथल्या अनुभवी माणसांचा खरा उपयोग होतो.

त्यासाठी एक गट नंबर निवड, पाच-सहा खातेदारांचा. त्याचा सातबारा, सगळ्या खातेदारांचे ८अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि सातबाऱ्यावर दिसणारे सगळे फेरफार काढ. जुने सातबारे आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात, तिथे नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज दे. मग आजच्या नावापासून उलटं मागे जा : हे नाव कोणत्या फेरफाराने आलं, त्याआधी कोण होतं, किती क्षेत्र होतं, इतर हक्कातला बोजा कधी चढला आणि कधी उतरला. गटवारीपर्यंत, म्हणजे जमिनी एकत्र करून गट पाडले त्या काळापर्यंत, पोहोचलीस की एका पानावर खातेदारांची वंशावळ आणि क्षेत्राचा तक्ता मांड. दोन-तीन संध्याकाळी जातील, पण पुढची कित्येक वर्षं सातबारा बघताच चूक कुठे आहे ते कळेल.

तक्ता मांडताना दोन बेरजा कर. लागवडीयोग्य क्षेत्र अधिक पोटखराब (लागवडीला न येणारं क्षेत्र) म्हणजे गटाचं एकूण क्षेत्र, आणि ते गाव नमुना १ म्हणजे आकारबंदाशी जुळलं पाहिजे. दुसरी बेरीज खातेदारांच्या नावापुढच्या क्षेत्रांची. जिथे जुळत नाही, तिथे बहुतेक वेळा जुन्या एकर-गुंठ्यांचं हेक्टर-आर करताना घोळ झालेला असतो. २ एकर १५ गुंठे म्हणजे २.१५ एकर नव्हे. एकराचे ४० गुंठे, म्हणून ते ९५ गुंठे झाले, आणि १ गुंठा १०१.१७ चौ.मी. धरला तर ०.९६ हेक्टर. दशांश समजून गुणलं तर ०.८७ येतं, म्हणजे एका खातेदाराचे ९ आर कागदावरून गायब. द्राक्षबागेच्या तालुक्यात ९ आर म्हणजे काय, हे तुला सांगायला नको.

अशी चूक सापडली तर स्वतः खोडू नकोस. लेखनप्रमाद, म्हणजे लिहिताना झालेली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे प्रस्ताव जातो, संबंधितांना नोटीस निघते आणि आदेशानंतर नोंद बदलते. मात्र हक्काचा वाद १५५ मध्ये कोंबायचा नाही. आकड्याची चूक आणि हक्काचा प्रश्न यांतला फरक ओळखणं हेच कौशल्य आहे. वर्गात या एका मुद्द्यावर जितके प्रश्न विचारता येतील तितके विचार.

वारस नोंदीबद्दल सविस्तर लिहिते, कारण अन्याय बहुधा इथेच होतो आणि तो गावात कोणाला अन्याय वाटतही नाही. अर्ज मुलगे आणतात. मृत्यू दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं नीट. यादीत विधवा आणि मुलगे असतात. सासरी गेलेल्या मुली नसतात आणि मृताची आई जिवंत असली तरी नसते. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे आई, विधवा, मुलगे, मुली हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत, आणि २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क आहे. म्हणून चौकशीत तीन प्रश्न नेहमी विचार : आई आहे का? मुली किती आणि कुठे दिल्या? आधीच वारलेल्या मुला-मुलींची मुलं आहेत का? प्रश्न अर्जदाराला विचार, मग पोलीस पाटलांना आणि शेजारच्या शेतकऱ्यालाही. ‘बहिणींनी सोडून दिलंय’ असं तोंडी सांगतील. तोंडी सोडलेल्याने नाव वगळता येत नाही. आधी सगळी नावं लागतात, हक्कसोड त्यानंतर नोंदणीकृत दस्ताने होते.

उद्या तुझी बदली सुरगाणा-पेठकडे झाली तर हेच उत्तर तसंच लावू नकोस. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २(२) मुळे तो अनुसूचित जमातींना थेट लागू होत नाही. तिथे चौकशीत रूढी काय ते लिहून वरिष्ठांचं मार्गदर्शन घ्यावं लागतं. त्या भागात खरेदीचा दस्त नोंदणीकृत आहे एवढ्यावर फेरफार मंजुरीच्या वाटेला जाऊ नये. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ प्रमाणे परवानगीचा आदेश आहे का ते आधी बघायचं. भोगवटादार वर्ग २ ची (परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन असेल तर जिल्ह्यात कुठेही हाच सावधपणा हवा. आणि बागलाण-मालेगावकडे गेलीस तर अहिराणी कानावर पडू दे. जबाब नोंदवताना माणूस स्वतःच्या बोलीत खरं बोलतो.

फेरफाराची पद्धत वर्गात शिकवतीलच, एवढंच लक्षात ठेव : नोंद धरली की हितसंबंधितांना नोटीस, चावडीवर प्रत, आणि हरकतीचे १५ दिवस नोटीस बजावल्यापासून मोजायचे, नोंद धरल्यापासून नाही. पोच सही-तारखेसह हवी. हरकत आली तर नोंद विवादग्रस्त नोंदवहीत, नमुना ६अ मध्ये जाते. निर्णय तू द्यायचा नाहीस, समजूतही तू काढायची नाहीस.

आता पंचनामा. गारपीट किंवा अवकाळी झाली की वर्गातलं सगळं एका दिवसात कसाला लागतं. शेतीपिकाच्या नुकसानीला मदतीसाठी ३३ टक्क्यांची अट आहे, त्यामुळे ३० आणि ३५ यांतला फरक शेतकऱ्याच्या लेखी सगळं काही असतो. बांधावर उभं राहून टक्केवारी लिहू नये. द्राक्षाच्या प्लॉटमध्ये तिरपं चालत जा, पाच ठिकाणी थांब, प्रत्येक ठिकाणी ठरावीक वेली घे, त्यांवरचे एकूण घड आणि तडकलेले-फुटलेले घड मोज. टक्केवारी ठरवताना कृषी खात्याचा सहकारी सोबत हवा. तू, तो आणि ग्रामसेवक अशा तिघांचा संयुक्त पंचनामा तिघांनी शेतात उभं राहूनच करायचा. फोटोत अक्षांश-रेखांश आणि शेतकरी दिसू दे. उशीर करू नकोस, कारण बागायतदार दुसऱ्या दिवशीच खराब घड उतरवायला लागतो आणि मग मोजायला काही उरत नाही.

मदत अडते ती मात्र शेतात नाही, यादीत. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून केलेल्या पिकांच्या नोंदीत) सोयाबीन आणि शेतात द्राक्ष. सामाईक खात्यात एकाच्या नावावर सगळं क्षेत्र. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं. म्हणून यादी वर पाठवण्याआधी चावडीवर वाचून दाखव. तासाभरात ज्या चुका निघतील, त्या नंतर महिनाभर निस्तरत बसावं लागतं.

कार्यालयातल्या कागदांसाठी सहा गठ्ठा पद्धत पहिल्या आठवड्यातच लाव : प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यावर पुढची तारीख लिहिलेली नसेल तर तो प्रलंबितच समज. २००५च्या विलंब प्रतिबंध कायद्याप्रमाणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ कोणतीही फाइल एका टेबलावर राहू नये.

आयगॉट कर्मयोगी या सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन प्रशिक्षण मंचावरचे अभ्यासक्रम कर, पण एका वेळी एकच, आणि त्या आठवड्यात समोर असलेल्या कामाशी जुळणारा. नुसती प्रमाणपत्रं साठवू नकोस. दुय्यम सेवा परीक्षेच्या (नोकरीत लागल्यावर द्यायच्या खात्याच्या परीक्षेच्या) संधी आणि मुदत नियुक्ती आदेशातून उतरवून घे आणि पहिल्याच संधीला बस.

तुझी हितचिंतक

ता. क. डिजिटल स्वाक्षरीचं टोकन आणि पासवर्ड कोणाच्याही हाती देऊ नकोस. कोतवाल नाही, मदतनीस नाही, ‘फक्त पाच मिनिटं’ म्हणणारा सहकारीही नाही. त्या टोकनने झालेली प्रत्येक नोंद तूच केलीस असं धरलं जातं. टोकन हरवलं तर त्याच दिवशी तहसीलदारांना लेखी कळव आणि पोच घे.