चाक आणि रस्ता : जुन्या टीटीला परवडणारे टायर

प्रश्न : ताई, नमस्कार. गेल्या वर्षी मी जुनी ऑडी टीटी घेतली. 2013 ची, 2.0 टीएफएसआय क्वाट्रो. कॉलेजपासूनची हौस होती. आता टायर बदलायला झालेत. पुढचे दोन आतल्या कडेने पार गोटा झालेत, मागचे निम्मे शिल्लक आहेत. आकार 245/40 आर18. एका मोठ्या दुकानात चार विलायती टायरचे 1 लाख 12 हजार सांगितले. दुसरीकडे भारतीय कंपनीचे चार 56 हजारांत बसतात. तिसरा म्हणतो, पुढचे दोनच टाका, मागचे अजून वर्षभर ओढतील. गाडी रोज ऑफिसला जाते आणि अधूनमधून आंबोलीमार्गे गोव्याला, पावसाळ्यातही. ट्रॅकवर मी जात नाही. अशा गाडीला स्वस्त टायर टाकणं म्हणजे गाडीचा अपमान, असं मित्र म्हणतात. काय करावं?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : गाडीचा अपमान होतो तो फुगा आलेल्या किंवा गोटा झालेल्या टायरवर ती पळवली की. 56 हजारांत चांगला टायर मिळू शकतो. पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका ओळीबद्दल बोलू. पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेनेच का गेले?

कराडला आमचं दुकान हायवेलगत आहे, त्यामुळे कोल्हापूर-पुणे करणाऱ्या अशा गाड्या येत असतात. चाक उतरवलं की मी टायरवर तळहात फिरवते, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेला रबर मऊ लागतं आणि उलट येताना ठोकळ्यांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या बोटांना अडकतात. असं झालं की टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बिघडलाय हे मशीन लावायच्या आधीच कळतं. दोन्ही चाकं सरळ न धावता किंचित तिरकी, रस्त्यावर घासत चाललेली असतात. बरेच जण कॅम्बरला, म्हणजे समोरून पाहिल्यावर दिसणाऱ्या चाकाच्या कलाला, दोष देतात. टीटीला थोडा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला) कंपनीनेच दिलेला असतो आणि एकट्या कॅम्बरने आतली कड एवढ्या लवकर जात नाही. टो बिघडला की मात्र ती झपाट्याने जाते.

तुमच्या गाडीचं वय पाहता पुढच्या लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे, बुश (सांध्यातले रबरी तुकडे) तपासून घ्या, खास करून मागच्या बाजूचा मोठा बुश. गाडी रॅम्पवर घेऊन पहार लावून हलवायला सांगा आणि स्वतः खाली उभं राहून बघा. रबर फाटलेलं दिसेल किंवा आर्म नको तेवढा सरकेल. बुश गेलेला असताना केलेली अलाइनमेंट दुकानाच्या दारापर्यंतच टिकते, कारण ब्रेक दाबला की चाक पुन्हा जागा सोडतं. या कामाला पैसे लागतील, तर ते टायरच्या बजेटमधून आधी बाजूला काढा. नाहीतर 56 हजारांचे असोत की लाखाचे, नवे टायरही याच कडेने जातील.

आता दोन की चार? चारच. तिसऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. तुमची टीटी क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांवर चालणारी आहे. ताकद आधी पुढच्या चाकांना जाते आणि हॅल्डेक्स कपलिंग या जोडणीतून मागच्यांना. पुढचे नवे आणि मागचे निम्मे झिजलेले म्हणजे नक्षीत सहज 3 मिलिमीटरचा फरक. हा टायर एका किलोमीटरमागे 490 च्या आसपास फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात साधारण 19 मिलिमीटरचा फरक पडला तर कागदावर दर किलोमीटरला पुढच्या-मागच्या चाकांत नऊएक मीटरचा हिशेब चुकतो. तो फरक कपलिंगला सतत सोसावा लागतो आणि हॅल्डेक्सचं काम निघालं की टायरवर वाचवलेले पैसे पुरत नाहीत. दुसरं कारण जिवाचं आहे. नवे पुढे आणि झिजलेले मागे असले की पावसात पुढचं चाक पाणी कापतं आणि मागचं तरंगतं. आंबोलीच्या वळणावर गाडीची शेपटी सुटली तर सावरायला जागा नसते.

चारही चाकांचा आकार एकच असणं हा या गाडीचा मोठा फायदा आहे. पुढे-मागे वेगळ्या रुंदीचे टायर असलेल्या गाड्यांना ही सोय नसते. दर 8-10 हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करा. टायर एकाच दिशेने फिरणारा असेल, म्हणजे साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) बाण असेल, तर त्याच बाजूला अदलाबदल करायची. चारही एकदम झिजतील आणि पुढच्या वेळी असा पेच पडणार नाही.

पैसे घालायचे ते ओल्या रस्त्यावरच्या पकडीवर. कोरड्या रस्त्यावर, तुमच्या वापरात, मधल्या दर्जाच्या आणि वरच्या दर्जाच्या टायरमधला फरक तुम्हाला क्वचित जाणवेल. पावसात ब्रेक दाबाल तेव्हा जाणवेल. युरोपात टायरला ए ते एफ अशी प्रतवारी होती (आता ती ए ते ई आहे), तेव्हा ओल्या रस्त्यावर 80 च्या वेगाने पूर्ण ब्रेक मारल्यावर पहिल्या आणि शेवटच्या प्रतीत 18 मीटरपर्यंत फरक पडू शकतो असं सांगितलं जायचं. म्हणजे चार टीटी एकामागोमाग लावल्या तर जेवढी लांबी होईल, त्याहून जास्त. आपल्याकडेही एआयएस-142 या भारतीय मानकात ओल्या पकडीची अट आहे, पण ती किमान अट आहे. अपोलोने नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन 2009 मध्ये विकत घेतली आणि त्या नावाचे टायर आता इथेही मिळतात. असं मॉडेल युरोपातही विकलं जात असेल तर त्याच आकाराचं युरोपीय लेबल बघून अंदाज घेता येतो. ओल्या पकडीला ए किंवा बी असेल तर 56 हजारांचा सेट बेलाशक घ्या. सी किंवा त्याखाली असेल तर आणखी दहा-पंधरा हजार घालून एक पायरी वर जा. विलायती टायरच्या लाखापर्यंत जायची गरज तुमच्या वापराला नाही.

दुकानात गेल्यावर साइडवॉल स्वतः वाचा. 245/40 आर18 च्या पुढे 93 किंवा 97 हा आकडा असतो. 93 म्हणजे एका टायरवर 650 किलो, 97 म्हणजे 730. 97 वाला एक्सएल, म्हणजे जादा भार पेलणारा, घ्या, आपल्या खड्ड्यांना तो जास्त तोंड देतो. आकड्यानंतरचं अक्षर वेगाचं. व्ही म्हणजे ताशी 240 किलोमीटर, डब्ल्यू 270, वाय 300. तुम्ही 100 च्या वर जात नसाल तरी डब्ल्यूच्या खाली उतरू नका. ही गाडी 240 च्या पुढे जाऊ शकते, आणि ते अक्षर टायर किती उष्णता सोसतो याचंही माप असतं.

मग तारीख. साइडवॉलवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात : 2224 म्हणजे 2024 सालचा 22 वा आठवडा. जून 2020 पासून नव्या टायरच्या आयातीला सरकारी परवाना लागतो, म्हणून असे आकार काही दुकानांत बरेच महिने पडून राहतात. सावलीत ठेवलेला वर्ष-दीड वर्षाचा टायर वाईट नसतो, पण नव्याच्या भावात घेऊ नका. चांगल्या मॉडेलचा असा सेट दिसला तर दुकानदाराला तो काढायचाच असतो, तिथे मनसोक्त घासाघीस करा. तीन वर्षांच्या पुढचा फुकट दिला तरी नको. आणि चारही टायरवरची तारीख वाचा, एकावरची वाचून थांबू नका.

वाचवायचं कुठे, तर ऑडीसाठी मंजूर असलेल्या टायरवर ‘एओ’ खूण असते, तिच्यासाठी जादा पैसे देऊ नका. वॉरंटी संपलेल्या गाडीला ती सक्तीची नाही. नायट्रोजनवरही खर्च नको, साध्या हवेत तो 78 टक्के असतोच. त्याऐवजी दर पंधरवड्याला सकाळी, गाडी थंड असताना, दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेल्या आकड्याइतकी हवा भरा. 40 प्रोफाइलच्या, म्हणजे कमी उंचीच्या साइडवॉलच्या, टायरमध्ये हवा कमी राहिली की खड्ड्यात रिमच वाकतो.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगते. याच पिढीच्या टीटीला कंपनीने 17 इंची चाकंही दिली होती, 245/45 आर17 टायरसकट. दोन्ही टायरच्या व्यासात जेमतेम 1 मिलिमीटरचा फरक आहे, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. साइडवॉल मात्र 98 वरून 110 मिलिमीटर होते. असे मूळ रिम चांगल्या स्थितीत हाती लागले (5 बोल्ट, बोल्टचं वर्तुळ 112 मिलिमीटर, मधलं भोक 57.1 मिलिमीटर) तर घेऊन टाका. पुढचा प्रत्येक सेट स्वस्त पडेल आणि पाठही सुखी राहील. दिसायला 18 इंची छान दिसतात हे मला मान्य आहे, तरी आपल्याकडच्या रस्त्यांना मी 17 च निवडेन.

टायर बसवताना मशीनला मदतीचा दुसरा हात असलेलं दुकान गाठा. नुसत्या पहारीने एवढी कमी उंचीची साइडवॉल चढवली की बीड, म्हणजे रिमवर बसणारी टायरची कड, फाटते आणि रिमवर ओरखडे उठतात. बोल्ट शेवटी टॉर्क रेंचने 120 न्यूटन-मीटरला आवळायला सांगा. गनने कचकून आवळलेले बोल्ट रस्त्यात पंक्चर झाल्यावर तुमच्याच्याने सुटणार नाहीत. पहिले दोनेकशे किलोमीटर जपून चालवा, नव्या रबरावर साच्यातला गुळगुळीतपणा असतो.

प्रश्न : माझ्याकडे जुनी ऑक्टाव्हिया आहे, 225/45 आर17. परदेशातून आलेले वापरलेले टायर 4 हजारांना एक मिळतायत. 6 मिलिमीटर नक्षी आहे आणि नवे दिसतात. घ्यावेत का?
— एक वाचक, भिवंडी

उत्तर : नका घेऊ. नक्षी मोजता येते, आतला इतिहास मोजता येत नाही. बाहेरून काळं पॉलिश मारलं की कोणताही टायर नवा दिसतो. कुणी विकायला आणला तर मी आतल्या बाजूला टॉर्च मारते. साइडवॉलच्या आत गोल फिरत गेलेली काळपट, भुकटी सुटलेली रेघ दिसली तर तो टायर हवा कमी असताना चाललेला असतो आणि त्याच्या आतले धागे तुटायला लागलेले असतात. रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याच्या कडेला मोठा पॅच असेल तरी तेच. शिवाय रिमवर चढवल्यावर यातलं काहीच दिसत नाही, आणि विकणारे चढवूनच दाखवतात.

तुमचा आकार आपल्याकडे बऱ्याच गाड्यांना लागतो, त्यामुळे नव्यात भारतीय कंपन्यांचे पर्याय आहेत आणि भाव पाडून घेता येतो. दोनच परवडत असतील तर दोन नवे घ्या. तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल तरीही नवे मागे बसवा आणि मागचे बरे असतील ते पुढे आणा. टायरवाला याच्या उलट सांगेल. त्याला पावसातल्या मागच्या चाकांचं कारण सांगा, वर कोल्हापूरच्या उत्तरात दिलंय.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. माझ्याकडे माझदा एमएक्स-5 आहे, 205/45 आर17. समर (उन्हाळ्यासाठीचे) टायर संपलेत. दुसरी गाडी नाही, त्यामुळे हिवाळ्यातही हीच चालवतो. दोन सेट ठेवायला ना जागा आहे ना पैसे. ऑल-सीझन (बारमाही) टाकले तर गाडीची मजा जाईल का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : थोडी जाईल, आणि तुमच्या परिस्थितीत ती जाऊ द्या. समर टायरचं रबर 7 अंश सेल्सिअसच्या खाली कडक होत जातं. गोठणाऱ्या थंडीत ते वापरू नका असं टायर कंपन्याच सांगतात, ठोकळ्यांना तडेही जाऊ शकतात. तुमच्याकडे जानेवारीत हे रोजचंच. मागच्या चाकांवर चालणारी, टनाच्या आसपास वजनाची गाडी अशा टायरवर चौकात वळवणं धोक्याचं आहे.

साधे ऑल-सीझन मात्र घेऊ नका, वेगवान गाड्यांसाठीचे ऑल-सीझन घ्या. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ऑल सीझन 4 आणि कॉन्टिनेन्टलचा एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस 06 प्लस हे त्या जातीतले. कॉन्टिनेन्टलच्या नक्षीत डी, डब्ल्यू आणि एस ही अक्षरं कोरलेली असतात. आधी एस झिजून जातं, म्हणजे बर्फातलं काम संपलं. मग डब्ल्यू गेलं की पावसातलं. दर महिन्याला वाकून एकदा बघायचं, मोजपट्टीची गरज नाही.

तिकडे साइडवॉलवर ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल याचा, आकडाही असतो. 500 वाला 250 वाल्याच्या दुप्पट टिकेल असा हिशेब लोक करतात, पण तो आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच्या चाचणीवरून देते. एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो ठीक, दोन कंपन्यांमध्ये नाही. तुमच्या हलक्या गाडीवर टायर झिजायच्या आधी जुना होऊन कडक होण्याची शक्यता जास्त आहे, म्हणून जास्त टिकणाऱ्यासाठी जादा डॉलर मोजू नका. सवलतीची वाट बघता येत असेल तर थांबा, पण पहिल्या बर्फाच्या आधी बसवून घ्या.