मराठवाड्यात हरणं आणि रोही शेतात इतकी का येतायत? जंगल तुटलं म्हणून?

तुम्ही विचारलंय की मराठवाड्यात हरणं, रोही (म्हणजे नीलगायी), रानडुकरं शेतात घुसायचं प्रमाण वाढलंय ते जंगलतोडीमुळे का. मी धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात शेती करतो. डोळ्यांदेखत जे बदललं ते सांगतो.

जंगलतोड हे आमच्याकडचं मुख्य कारण नाही. आमच्या भागात जंगल होतंच किती? आमच्याकडचं हरीण म्हणजे काळवीट, मुळात माळावरचा प्राणी. त्याला लांबचं दिसावं लागतं आणि उधळायला मोकळं रान लागतं. लांडगा, खोकड (लहान कोल्हा), पूर्वीचा माळढोक पक्षी, हे सगळे गवताच्या माळावरचेच. आणि हा माळ सरकारदरबारी ‘पडीक’ किंवा ‘गायरान’. नावातच पडीक असल्यावर तो मोडताना कुणाला वाईट वाटत नाही. मुरमाड बरडावर जेसीबी फिरला, वर तळ्यातला गाळ पडला आणि दोन वर्षांत तिथं सोयाबीन आलं. भूम-वाशीच्या पठारावर पवनचक्क्या आणि त्यांचे रस्ते झाले. सोलरच्या प्रकल्पांना तर चारी बाजूंनी कुंपण. उरलेल्या माळावर कुठं कुठं खड्डे घेऊन ग्लिरिसिडिया हे बाहेरचं झाड लावलं, ते हरीण खात नाही आणि त्याच्या सावलीत गवतही धड येत नाही.

पण माझ्या मते त्याहून मोठा फरक पिकांनी पाडला, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. वडिलांच्या वेळी भारी काळ्या रानात खरीप घेतच नसत. पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, कुळवाच्या पाळ्या घालायच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला रब्बीची ज्वारी पेरायची. माळाला गवत असायचं, त्यामुळे हरणं पावसाळाभर तिथंच चरायची. आता जूनला सोयाबीन, ते निघालं की लगेच हरभरा, पाणी असेल तर ऊस. मधे रान मोकळं म्हणून राहतच नाही. माळ मोडलेला, आणि समोर दोन पानांवर आलेलं कोवळं सोयाबीन. एका रात्रीत कळप एकरभर शेंडे खुडून जातो, मग दुबार पेरणी. बियाण्याची बॅग घेताना काय होतं ते मला माहीत आहे, त्यामुळे शेतकऱ्याच्या रागाला मी चूक म्हणणार नाही.

लांडगे कमी झाल्याचाही यात हात आहे. हरणांवर, रानडुकरांच्या पिल्लांवर त्यांचा वचक असायचा. माळ गेला तशा त्यांच्या बिळांच्या जागा गेल्या, आणि गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या जनावरांवर पोसलेल्या मोकाट कुत्र्यांचे आजार त्यांच्यात शिरले.

आता शेततळ्याबद्दल, कारण हे मी स्वतःच्या हातांनी उपसलंय. २०१६ नंतर ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत गावोगाव तळी झाली, पुष्कळांनी आत प्लास्टिकचा कागद अंथरला. दोन वर्षांमागं एप्रिलात सकाळी शेजाऱ्यानं हाक मारली. त्यांच्या तळ्यात दोन माद्या आणि एक काळवीट. पाण्याला उतरले ते उतरले, वर येता येईना. काळ्या कागदावर पाण्यापासून हातभर उंचीपर्यंत खुरांच्या पांढऱ्या रेघा होत्या, शंभरेक तरी. रात्रभर चढायचा प्रयत्न केला असणार. आम्ही कासरे बांधून उतरलो. एक मादी जिवंत निघाली. काळवीट पाण्यावर तरंगत होता, शिंगांत शेवाळ अडकलेलं. त्या तळ्याला कुंपण होतं, पण एका कोपऱ्यात तार तुटलेली, आणि तहानलेल्या जनावराला तेवढी फट पुरते.

त्यानंतर आम्ही आमच्या तळ्यात ठिबकच्या जुन्या नळ्यांची जाळी विणून दोन बाजूंनी सोडली. खूर अडकायला आधार मिळतो, कागदही फाटत नाही. एवढंच काम, अर्धा दिवस लागतो. तुमच्याकडे तळं असेल तर कृपा करून आजच करा. बिनकठड्याच्या विहिरीचंही तेच.

वाघाचंही सांगतो, कारण तुम्ही ‘माणसामुळे प्राणी भटकतायत का’ असंही विचारलंय. डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ आला. तो यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला. टिपेश्वर दीडशे चौरस किलोमीटरचं, तिथं वयात आलेल्या नराला हद्द मिळेना म्हणून तो निघाला आणि शेकडो किलोमीटर शेताशेतांतून, ओढ्यानाल्यांतून इथवर आला. येडशी अभयारण्य त्याहून कितीतरी लहान. म्हणजे वाट मिळाली तर जनावर चालतं, पण पोहोचल्यावर राहायला जागा हवी ना.

तुमच्या पिकाचं म्हणाल तर नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज द्या, फोटो आणि सातबारा जोडा. कुंपणाच्या तारेत हलका झटका सोडणारं बॅटरीवरचं झटका मशीन चालेल, त्यानं जनावर दचकून मागं फिरतं. तारेत थेट लाइनचा करंट मात्र कधीच सोडू नका. रात्री पाणी द्यायला गेलेली माणसं त्यात गेली आहेत. आणि सोयाबीनमध्ये हरणाचं पाडस एकटं बसलेलं दिसलं तर उचलून घरी आणू नका. पहिले काही दिवस आई त्याला मुद्दाम लपवून चरायला जाते आणि पाजायला परत येते. तेवढी जागा सोडून खुरपा, किंवा वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन करा.

आमच्या पूर्वेच्या बांधाला मी सहा फुटांची पट्टी न नांगरता सोडलीय, पवन्या गवत आपोआप आलं. यंदा थंडीत तिथं खोकडाचं बीळ दिसलं, तोंडाशी उंदरांची हाडं आणि बोरीच्या बिया पडलेल्या.