दृष्टांत, रूपक की अन्योक्ती?

बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानात दयाळू शोमरोन्याची गोष्ट आहे: लुटारूंनी घायाळ करून टाकलेल्या वाटसरूला एक परका, शोमरोनी माणूस उतारशाळेत नेतो आणि त्याची काळजी घेतो. या गोष्टीला ‘दृष्टांत’ म्हणावे की ‘रूपक’, आणि ‘ॲलेगरी’ला मराठीत नेमका शब्द कोणता, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते त्या गोष्टीला ‘दृष्टांत’ हाच शब्द योग्य आहे. ‘रूपक’ हा शब्द गोष्टीला नव्हे, तर तिचा अर्थ लावण्याच्या एका जुन्या पद्धतीला लागू पडतो.

‘ॲलेगरी’ हा शब्द मूळचा ग्रीक आहे. त्यातील ‘आल्लोस’ म्हणजे दुसरा, आणि उत्तरपदाचा अर्थ सभेत किंवा चारचौघांत बोलणे असा आहे. उच्चारायचे एक आणि सुचवायचे दुसरे, हा त्याचा आशय. ‘अन्योक्ती’ची फोड जवळजवळ हीच आहे आणि हे साम्य मला फार मोलाचे वाटते, तरीही भाषांतरात तो शब्द योजावा असे मला वाटत नाही, कारण आपल्या अलंकारशास्त्रात अन्योक्ती बहुधा एका श्लोकात आटोपते, तीत चातकाला किंवा कोकिळेला उद्देशून बोलायचे असते आणि रोख माणसाकडे असतो.

ख्रिस्ती शास्त्रात या शब्दाचे महत्त्वाचे स्थळ म्हणजे बायबलमधील प्रेषित पौलाचे गलतीकरांस पत्र, अध्याय 4, वचन 24. तेथे पौल म्हणतो की अब्राहामाची दासी हागार आणि त्याची स्वतंत्र (म्हणजे दासी नसलेली) पत्नी या दोघी म्हणजे दोन करार आहेत. हागार म्हणजे सीनाय पर्वत आणि आताची यरुशलेम, तर दुसरी म्हणजे वरची यरुशलेम. पौल येथे नवी कथा रचत नाही, तर बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातील कथा रूपकार्थाने वाचतो, आणि त्यासाठी ‘ॲलेगरी’च्याच धातूचे क्रियापद वापरतो.

पुढे ऑगस्टिन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडिताने शोमरोन्याची गोष्ट याच रीतीने वाचली. यरुशलेमेहून यरीहोकडे उतरणारा माणूस म्हणजे आदाम, लुटारू म्हणजे सैतान आणि त्याचे दूत, शोमरोनी म्हणजे स्वतः ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी (चर्च), आणि उतारशाळेचा रक्षक म्हणजे चक्क प्रेषित पौल. येथे उतारशाळा मंडळी‘सारखी’ नाही, ती मंडळी‘च’ आहे. उपमेय आणि उपमान यांचा अभेद हेच रूपक अलंकाराचे लक्षण असल्यामुळे ‘ऑगस्टिनने या दृष्टांताचा रूपकार्थ लावला’ हे वाक्य मला निर्दोष वाटते.

येशूने मात्र ती गोष्ट ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाच्या उत्तरादाखल सांगितली आणि शेवटी ‘जा आणि तूही तसेच कर’ असे बजावले. एका मुद्द्यासाठी सांगितलेल्या अशा गोष्टीला मराठी ख्रिस्ती लोक ‘दाखला’ किंवा ‘दृष्टांत’ म्हणत आले आहेत, आणि त्यामागे आपली स्वतःची परंपराही उभी आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचे दृष्टांत केशिराजांनी ‘दृष्टांतपाठा’त संकलित केले, तेव्हा प्रत्येक दृष्टांताच्या आधी सूत्र आणि नंतर दार्ष्टांतिक, म्हणजे त्या गोष्टीचे सिद्धांताशी नाते सांगणारा भाग, अशी मांडणी त्यांनी केली. येशूच्या गोष्टींच्या चर्चेत ‘दार्ष्टांतिक’ हा शब्द कोणी वापरत नाही, याची मला खंत वाटते. शोमरोन्याच्या गोष्टीत ‘तूही तसेच कर’ हे वाक्य जे काम करते, त्याला याहून नेमके नाव मला सापडलेले नाही.

दृष्टांत आणि रूपक यांतील ही सीमारेषा सर्वत्र इतकी स्वच्छ नाही. जर्मन अभ्यासक आडोल्फ यूलिखर यांनी 1888 मध्ये असे आग्रहाने मांडले की येशूच्या दृष्टांतांत एकेकच मुद्दा असतो आणि तपशिलांना स्वतंत्र अर्थ चिकटवू नये; पण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात पेरणाऱ्याच्या दृष्टांताचा जो उलगडा येतो, त्यात वाट, खडकाळ जमीन आणि काटेरी झाडे यांना वेगवेगळे अर्थ दिलेले आहेत. तेथे दृष्टांतातच रूपक मिसळले आहे, असे म्हणणे भाग आहे.

लेखकाने मुळातच दुहेरी अर्थाने रचलेल्या दीर्घ कथेसाठी ‘रूपककथा’ हा रूढ शब्द पुरेसा आहे. जॉन बन्यनची 1678 मधील यात्रेकरूची कथा, जी हरि केशवजींनी ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणली, ती या अर्थाने रूपककथा होय. आदामाला ख्रिस्ताची पूर्वखूण मानणे हा प्रकार मात्र यापेक्षा वेगळा आहे, कारण त्यात पहिली व्यक्ती आपल्या जागी खरी राहते आणि पुढच्या व्यक्तीकडे बोट दाखवते; तेथे ‘रूपक’ न म्हणता ‘प्रतिरूप’ म्हणावे.